शून्याचं बटण

२ फेब्रुवारी

धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागद फाडायचा झाला तरी आधी हातात घ्यावा लागतो, तेवढ्यात दोन ओळी डोळ्यांखालून जातातच.

बातमी अशी की आपला विमानतळ बंद होतोय. डोंगरातून बोगदा झाला, आता शहरात जायला पाच तासांची बस आहे, आणि लोक खुशीत बसनं जातात. चाळीस मिनिटांत पोचवणारं विमान आता कुणालाच नकोय. एकतीस मार्चला शेवटचं येईल आणि जाईल. मीही त्याच दिवशी सुटते. उभं राहून राहून पायांच्या शिरा फुगल्यात, पण गावात अजून मला काटाताईच म्हणतात. नवीन आलेल्या डॉक्टरीणबाईंना वाटलं तेच माझं आडनाव.

तुला सगळं आठवत असेल. तरी लिहिते, कारण तू विसरला आहेस असं धरून लिहिणं मला सोपं जातंय. पत्र्याचं एक दालन, दोन बाकं, एक काउंटर आणि काउंटरसमोर माणसं तोलायचा काटा. विमान लहान, धावपट्टी आखूड, पुढे लगेच डोंगर, म्हणून आपल्याकडे सामानासारखी माणसंही तोलावी लागतात. किराणावाल्याची बायको अजून काट्यावर चढली की आकड्यासमोर पर्स धरते, आणि बाकावरचे सगळे माना वाकड्या करून बघतात. बंबवाला आगीच्या बंबानं फुलझाडांना पाणी घालतो. इतक्या वर्षांत त्याला विझवायला दुसरं काही मिळालेलंच नाही.

बाबा आता शहाऐंशीचे आहेत. घड्याळं दुरुस्त करत नाहीत, हात थरथरतात. पण सकाळी उठून फळीवरच्या सगळ्या घड्याळांना किल्ली देतात आणि विमानाचा आवाज आला की मनगटाकडे बघतात. "चार मिनिटं उशीर," म्हणतात, जसं काही मीच ते चालवते. डॉक्टरीणबाई परवा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, हृदय थकलंय, हिवाळा निघाला हेच खूप समजा.

म्हणून लिहितेय. शेवटच्या विमानानं तू यावंस. बाबांनी असं काही म्हटलेलं नाही, उगाच खोटं कशाला लिहू. ते तुझं नाव काढत नाहीत. पण तू समोर उभा राहिलास तर ते दार लावून घेतील असं मला वाटत नाही.

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. बोलण्यासारखं फार नव्हतंही. तुम्ही अठरा जण होता, सगळे काट्यावर चढून उतरलात, आणि वजन एकसष्ट किलोंनी जास्त भरलं. जास्त भरलं की काउंटरवर सगळ्यात शेवटी आलेला माणूस राहतो, हा आपल्याकडचा नियम. शेवटी तू आला होतास. तुझ्या जागी दुसरा कुणी असता तरी मी हेच केलं असतं, आणि हे गावात कुणालाही विचार. दुपारी ढग खाली उतरले आणि सहा दिवस हलले नाहीत. घाट आधीच दरड पडून बंद होता. शहरातल्या दवाखान्यात आई तिसऱ्या दिवशी गेली. यातलं माझ्या हातात काय होतं, तूच सांग.

ये.

तुझी ताई

१८ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र पोचलं हे मला माहीत आहे. टपालाची थैली मीच विमानात चढवते, आणि शहरातला टपालवाला चोख आहे. उत्तर आलं नाही हेही मीच रोज थैली उघडून बघते. टपाल खात्यानं मला अजून हाकललं कसं नाही, देव जाणे.

माझं पत्र मी मनात पुन्हा वाचलं. "तूच सांग" असं लिहिलंय मी. काय पण हुशारी! नऊ वर्षं तू एक शब्द बोलला नाहीस, आणि मी तुलाच विचारतेय.

तर जे लिहिलं नाही ते लिहिते. तू शेवटी आलास, पण का आलास ते मी गाळलं. त्या सकाळी काउंटर उघडायच्या वेळेला दवाखान्यातून मावशीचा फोन आला. म्हणाली, "अगं, ही सारखी चष्मा मागतेय. तिला काही दिसत नाही, कोण आलं ते कळत नाही. धाकट्याला सांग, चष्मा घेऊन ये म्हणावं." मी तुला फोन केला. तू पार पुलापर्यंत आला होतास. मी म्हटलं, "परत जा. आईचा चष्मा उशाशी राहिलाय, तो घेऊन ये." तू म्हणालास, "ताई, वेळ होईल." मी म्हटलं, "मी आहे ना इथे."

हे शब्द मला पाठ आहेत. मी आहे ना इथे.

तू धावत आलास, कपाळावर घाम, चष्म्याचं घर शर्टाच्या खिशात. आणि मी तुला राहायला सांगितलं. तेव्हा मास्तर पुढे आले. ते शहरात नुसते कपाट बघायला निघाले होते, शाळेसाठी. म्हणाले, "ताई, मी उद्या जातो. याला जाऊ द्या, याची आई आजारी आहे." सगळ्या दालनासमोर म्हणाले. किराणावाली म्हणाली, "हो हो, जाऊ द्या." आणि मी काय म्हटलं? "मास्तर, नियम सगळ्यांना सारखा. उद्या लोक म्हणतील, काटाताईनं घरच्या माणसासाठी जागा काढली."

कुणी म्हटलं नसतं रे. त्या दालनात तुला जाऊ द्यायला एकूण एक माणूस तयार होता, एक मी सोडून. मला वाटलं, बघा म्हणावं, मी सख्ख्या भावालासुद्धा सोडत नाही. मला त्या क्षणी थोडा अभिमान वाटला होता, हे लिहायला मला दोन दिवस लागले.

दुपारी घरी आले तर बाबा अंगणात उभे. विमान गेलं हे त्यांनी ऐकलं होतं. म्हणाले, "गेला?" मी म्हटलं, "उशिरा आला. जागा गेली." एवढंच. तू माझ्यामागून पिशवी घेऊन येत होतास, तू ऐकलंस. मला वाटलं, आता तू सांगशील, ताईनंच परत पाठवलं म्हणून. तू चपला काढल्यास आणि आत गेलास. आई गेल्याचं कळलं तेव्हा बाबा तुला म्हणाले, "ती तिकडे एकटी गेली आणि तुला साधं वेळेवर निघता आलं नाही." तेव्हाही तू बोलला नाहीस. मी तिथेच होते, चुलीपाशी, पातेल्यात डाव फिरवत. पातेल्यात काही नव्हतं.

सातव्या दिवशी विमान आलं. तू काट्यावर चढलास, आकड्याकडे बघितलंस आणि मोठ्यानं म्हणालास, "पासष्ट." मग माझ्याकडे बघितलंस. तेव्हापासून तू घरी आलेला नाहीस.

आता सगळं लिहिलं. बाबांना सांगायचं राहिलंय. काल त्यांचा श्वास लागला होता, रात्रभर बसून होते. बरे झाले की सांगते.

ताई

६ मार्च

धाकट्या,

सगळं लिहिलं म्हटलं होतं ना? नव्हतं लिहिलं.

मुख्य कचेरीतून एक माणूस आलाय, सामानाची यादी करायला. बाकं, काउंटर, भोंगा, काटा, एकेक वस्तू बघतो आणि खूण करतो. काल काट्यापाशी आला आणि भिंतीला टेकवलेल्या फळीकडे बोट दाखवून म्हणाला, "ही यादीत नाही. ही कशाची?"

मी म्हटलं, "माझी आहे."

"घेऊन जा मग," म्हणाला. फळी काखेत मारून मी घरी आले. वाटेत चहावाला हसला, "काटाताई, निवृत्तीत सुतारकाम काय?" मला हसू आलं नाही.

तुला ती फळी माहीत आहे. काट्याचा पत्रा ओला झाला की बूट घसरतात. एकदा एक म्हातारी आपटली, तेव्हापासून पावसाळी हवेत मी त्यावर फळी टाकते. फळी आहे चार किलोंची. म्हणून ती टाकली की एक बटण दाबायचं, म्हणजे काटा फळी धरून शून्यावर येतो आणि नुसत्या माणसाचं वजन दाखवतो. एक बटण. आमच्या नोकरीत याहून सोपं काम नाही.

त्या सकाळी भुरभुर होती. मी फळी टाकली, बटणाकडे हात नेला आणि फोन वाजला. मावशीचा. चष्म्याचा. मग मी तुला फोन केला. फोन ठेवला तेव्हा रांग लागलेली होती, आणि बटण दाबायचं राहिलं.

आता आठव, त्या दिवशी लोक काय म्हणत होते. किराणावाली म्हणाली, "अगंबाई, एवढी?" मी म्हटलं, "घरी खाल्लेलं इथे दिसतं." मास्तर म्हणाले, "थंडीत जरा वाढलेलं दिसतंय." जो चढला तो काहीतरी बोलला, आणि मी प्रत्येकाला टोमणा मारला. तू चढलास, आकडा आला एकोणसत्तर. तू म्हणालास, "ताई, मी जन्मात कधी पासष्टच्या वर गेलो नाही." मी म्हटलं, "खिशात दगड असतील, पुढे हो."

अठरा चोक बहात्तर. अठरा माणसं, प्रत्येकाच्या नावावर चार किलो लाकूड. कागदावर एकसष्ट किलो जास्त होते. म्हणजे खरं बघता अकरा किलो कमीच होते. तुझ्यासाठी जागा होती, धाकट्या. कुणाला उतरायची गरज नव्हती. तुलाही नव्हती, मास्तरांनाही नव्हती. तू त्या दिवशी चाळीस मिनिटांत आईपाशी असतास, तिच्या नाकावर चष्मा ठेवला असतास, आणि तिला दिसलं असतं तू आलास ते.

तू सातव्या दिवशी "पासष्ट" म्हणालास, तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं की आठवडाभर तू नीट जेवला नाहीस म्हणून कमी भरलास. नऊ वर्षं हेच म्हणत आलेय. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते पटवू शकतो, फक्त रोज म्हणावं लागतं.

फळी आता आपल्या दाराशी उभी आहे. बाबा सकाळी विचारत होते, ही काय आणलीस. मी म्हटलं, लाकूड. ते म्हणाले, "लाकूड ते मलाही दिसतंय."

ताई

१७ मार्च

धाकट्या,

बाबांना सांगितलं.

मागच्या आठवड्यात सकाळी ते घड्याळांना किल्ली देत होते. मी पाठीमागे उभी राहून सांगायला लागले, कारण तोंडाकडे बघून जमलं नसतं. फोन, चष्मा, मास्तर, फळी. त्यांच्या हातातलं घड्याळ मध्येच थांबलं, म्हणजे हात थांबला. मी संपवलं तरी ते वळले नाहीत. मला वाटलं ऐकू आलं नसेल, पुन्हा सांगावं लागतं की काय.

मग म्हणाले, "म्हणजे त्यानं उशीर केला नव्हता."

मी म्हटलं, "नाही बाबा. मीच त्याला परत पाठवलं होतं."

"आणि जागा होती."

"होती."

ते खुर्चीवर बसले. म्हणाले, "मग मी नऊ वर्षं अबोला धरला तो कुणाशी?"

मी म्हटलं, "पाणी आणू का?" ते म्हणाले, "तू काही आणू नकोस."

तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. जेवायला बसतात, ताट पुढे आलं की जेवतात, ताट बाजूला सारतात. काही हवं असेल तर हवेत बोलतात, "मीठ नाही," असं, जणू भिंतीला सांगतायत. तू नऊ वर्षं हे लांबून सोसलंस. मी एका छपराखाली आठ दिवसांत रडकुंडीला आलेय. तुझ्याबद्दल मात्र बोलतात. काल दूधवाल्याला सांगत होते, "माझा धाकटा यायचाय." दूधवाला माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. तू येणार की नाही हे मला कुठे माहीत आहे?

आता शेवटचं. यानंतर खरंच काही उरत नाही, आणि हे मी बाबांना सांगितलेलं नाही. तुलाच सांगतेय.

फळीची चूक मला कधी कळली, हे मी मागच्या पत्रात लिहिलं नाही. तुला वाटलं असेल संध्याकाळी, किंवा दुसऱ्या दिवशी, झाडताना वगैरे. तसं नाही. बाकीच्या सतरा जणांना विमानाकडे पाठवून मी काट्याकडे वळले, आणि आकडा चारवर होता. काट्यावर कुणी नव्हतं. मोकळी फळी आणि वर चार. मला लगेच कळलं. मी एवढी वर्षं तो काटा बघतेय, मला कळायला किती वेळ लागणार? आणि खिडकीतून विमान दिसत होतं. ते धावपट्टीच्या टोकाला पोचलं होतं, अजून वळायचं होतं. भोंगा चालू होता, कारण कुणाची तरी गाय आत शिरली होती आणि बंबवाला तिच्यामागे धावत होता. ती गाय जाईपर्यंत विमान हलणार नव्हतं. वॉकीटॉकी माझ्या कमरेला होता. नुसतं म्हणायचं होतं, "थांबा, एक प्रवासी राहिलाय." कॅप्टननं आधीही दोनदा असं थांबवलं होतं, एकदा तर एका बाईची कोंबडी राहिली म्हणून.

मी हात लावला वॉकीटॉकीला. मग मनात आलं, काय सांगणार? काटाताईनं बटण दाबलं नाही? सगळ्या गावाला तोलणारी बाई चुकली? किराणावाली महिनाभर हेच सांगत फिरेल. मी विचार केला, उद्या जाईल तो, एका दिवसानं काय होतं. ढग येतील हे मला ठाऊक नव्हतं, ही शपथ घेऊन सांगते. पण वेळ होता, हे मला ठाऊक होतं. गाय बाहेर गेली. विमान वळलं. मी फळी उचलली, काटा शून्यावर आला, आणि मी फडक्यानं काउंटर पुसायला लागले.

आई तीन दिवस दाराकडे बघत होती म्हणे. मावशीनं सांगितलं. कुणी आलं की विचारायची, कोण आहे.

तू कुठे होतास तेव्हा, हे मी कधी आठवलंच नाही. माझ्या मनात तू दालनातून निघून गेला होतास.

पत्र पाठवते. एकतीस तारखेला विमान साडेदहाला पोचेल, बाबांच्या घड्याळानं.

ताई

१ एप्रिल

धाकट्या,

काल बाबा पहाटेच तयार होऊन बसले होते. इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली, मनगटावर एक आणि खिशात एक अशी दोन घड्याळं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "रिक्षा सांगायला हवी." मी सांगितली.

विमानतळावर अर्धं गाव लोटलं होतं. ज्यांनी दोन वर्षांत तिकीट काढलं नव्हतं ते सगळे रडायला हजर. किराणावालीनं माझ्या गळ्यात पडून डोळे पुसले आणि मग विचारलं, "आता तरी सांग, मी खरंच एवढी भरायची का गं?" मास्तर आले होते, काठी टेकत. मी त्यांच्याशी बोलायला गेले, पण गर्दीत ते बोलणं झालं नाही. त्यांच्या घरी मला वेगळं जावं लागेल.

बाबांना मी बाकावर बसवलं, काट्यासमोरच्या. काटा कचेरीवाल्यानं अजून नेलेला नाही, नुसता बंद करून ठेवलाय.

दहा पस्तीसला विमान उतरलं. बाबा म्हणाले, "पाच मिनिटं." हे मलाच म्हणाले की कुणाला, कळलं नाही. माणसं उतरायला लागली. मी खिडकीपाशी उभी होते. सात जण उतरले. मग दार बंद केलं. मी मागे वळून बघितलं नाही, कारण मागे बाबा होते.

कॅप्टन आत आला, टोपी काखेत, आणि माझ्या हातात एक पाकीट दिलं. "तुमच्या भावानं शहरातल्या विमानतळावर येऊन दिलं," म्हणाला. "येता का म्हटलं, जागा आहे. नाही म्हणाले."

पाकिटात आईचा चष्मा होता, त्याच घरात. आणि तुझी चिठ्ठी. मी उभ्या उभ्याच वाचली. वाचून घडी घालायला लागले, तर समोर हात आला. बाबांचा. नऊ वर्षं मी काय काय लपवलं, पण तो हात चुकवता आला नाही.

त्यांना आता बारीक अक्षर वाचता येत नाही. खिशातून त्यांनी ते जुनं भिंग काढलं, घड्याळाचं, डोळ्यात बसवलं, आणि चिठ्ठी नाकाला टेकवून एकेक शब्द मोठ्यानं वाचायला लागले. आसपासची माणसं जवळ सरकली. तू लिहिलेलं तुला माहीत आहे, पण ते बाबांच्या आवाजात कसं ऐकू आलं ते तुला कळावं म्हणून मी इथे उतरवते.

"ताई, त्या दिवशी मी कुठे गेलो नव्हतो. काट्यासमोरच्या बाकावर बसलो होतो. मोकळ्या फळीवर चारचा आकडा तू बघायच्या आधीपासून मी बघत होतो. मला वाटलं, ताई वळेल, बघेल आणि विमान थांबवेल. तू वळलीस. बघितलंस. वॉकीटॉकीला हात लावलास. मी पिशवी उचलून उभा राहिलो होतो. मग तू काउंटर पुसायला लागलीस. विमानात घेतलं नाहीस त्याचा राग मला कधीच नव्हता. मी बाबांना सांगितलं नाही, कारण ते तू सांगायचं होतंस. नऊ वर्षं थांबलो. चष्मा पाठवतो, तो घरी राहू दे. मी विमानानं येणार नाही. बाबांना सांग, रविवारी पहिल्या बसनं निघतो."

बाबांनी भिंग काढलं. चिठ्ठीची घडी घातली आणि चष्म्याच्या घरात ठेवली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"म्हणजे तुला वेळ होता," ते म्हणाले.

मी म्हटलं, "होता, बाबा."

सगळं गाव ऐकत होतं. ज्या गोष्टीच्या भीतीनं मी तेव्हा तोंड उघडलं नाही ती गोष्ट काल भर दालनात झाली, आणि खरं सांगू, तिचं काहीच वाटलं नाही. किराणावालीनं मान खाली घातली. मास्तर काठीकडे बघत राहिले. एवढ्याशाला घाबरून मी आईला तुझी वाट बघत ठेवलं.

मला आता एकच चित्र दिसतंय, धाकट्या. मी काउंटर पुसतेय आणि पाठीमागे तू पिशवी घेऊन उभा आहेस. मी तेव्हा वळून बघितलं असतं तर? फक्त मान वळवायची होती. तुला बघून मी गप्प बसू शकले असते का? नसते बसले, असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्यावर आता कुणी विश्वास ठेवू नये, मीही नाही.

मी तुझी माफी मागते. आधीच्या चार पत्रांत हा शब्द एकदाही आलेला नाही, हे आज पत्र लिहायला बसल्यावर माझ्या लक्षात आलं. कारणं दिली, कबुली दिली, माफी मागायची राहिली. आता मागते. आईची मागता येत नाही.

आज बाबांनी तुझी खोली झाडून घेतली. म्हणजे भिंतीला सांगितलं आणि मी झाडली. चष्मा त्यांनी आईच्या उशाशी होता तिथे ठेवलाय. रविवारची बस साडेअकराला येते, ते सकाळपासूनच थांब्यावर जाऊन बसतील, त्यांना आवरणं माझ्या हातात नाही. त्यांच्याबरोबर मी येणार नाही. त्या भेटीत माझं काम नाही.

घरी आलात की मी अंगणाच्या फाटकाबाहेर असेन. जेवण झाकून ठेवलेलं असेल. तुम्ही दोघं आत जा, बसा, बोला, हवा तेवढा वेळ घ्या. मला आत घ्यायचं की नाही ते तू ठरव. मी थांबते.

ताई